मास्तरांनी वळून का बघितलं

माणसाने चालता चालता मान वळवून मागे बघितलं, यात गवगवा करण्यासारखं काही नाही. माणसं वळतात. कुणी हाक ऐकून वळतं, कुणी कुलूप लावलं की नाही या शंकेने वळतं, कुणी उगाचच वळतं. अप्पा मात्र आयुष्यात एकदा अशा ठिकाणी वळले की त्या वळण्याचा पुढे पंचवीसेक वर्षं कीस काढला गेला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते मान ताठ ठेवून सरळ निघून गेले असते आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

हे सगळं ‘तपास चालू आहे’ या मालिकेमुळे घडलं. न सुटलेल्या खऱ्या गुन्ह्यांची ही मालिका एके काळी इतकी जोरात होती की ती लागली की रस्ते ओस पडत आणि चोरांची सोय होई. मग ती बंद पडली. का बंद पडली, याचाही तपास लागला नाही. आता इतक्या वर्षांनी कुणाला तरी तिची आठवण झाली आणि ती नवं संगीत, नवा निवेदक आणि जुनीच प्रकरणं घेऊन पुन्हा सुरू झाली. प्रकरणं जुनीच असणार. सुटली कुठे होती?

अप्पांच्या बिल्डिंगमध्ये मालिकेचा सगळ्यात जास्त आनंद सेक्रेटरीला झाला. गच्चीच्या गळतीवर चर्चा करायला त्याने आजवर ज्या ज्या सभा बोलावल्या, त्यांना तो आणि खुर्च्या एवढीच मंडळी हजर असत. मालिका सुरू झाल्यावर त्याने फलकावर लिहिलं, ‘रविवारी सकाळी हॉलमध्ये कालच्या भागावर चर्चा. चहा मिळेल.’ हॉल भरला. मिक्सर बंद करून येते म्हणून गेलेल्या बायकासुद्धा परत आल्या. चर्चा संपताना सेक्रेटरी हळूच गळतीचा विषय काढी आणि मग हॉल रिकामा होई. पण पहिला तासभर तरी त्याला अध्यक्षपद भोगता येई.

चर्चेत दोघांचा शब्द चाले. एक तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार. त्यांची सगळी नोकरी वाहतूक शाखेत गेली होती. सिग्नल तोडणारा माणूस आतून कसा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यावरून खून करणारा कसा असेल याचा ते अंदाज बांधत. दुसरे समोरच्या जिन्यातले दातांचे डॉक्टर. ते फक्त तोंडं बघत. आरोपी हसला की ते म्हणत, ‘खालची दाढ गेलीय याची. दुखणं अंगावर काढणारा माणूस आहे, हा काहीही करू शकतो.’ या दोघांच्या मध्ये अप्पा बसत आणि मान डोलावत. बोलत काही नसत, कारण त्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं आणि ते योग्य वेळी टाकायचं होतं.

अप्पा वीज कंपनीच्या बिल दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले. लोक चुकीचं बिल घेऊन खिडकीशी येत. अप्पा ते चष्म्यातून बघत, मग चष्मा काढून बघत, मग ते बिल घेऊन आतल्या खोलीत जात, तिथे चहा पीत आणि बाहेर येऊन सांगत, ‘तपासून बघितलं. नोंद बरोबर आहे.’ यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. चूक खरी असेल तर माणूस पुन्हा येतोच, असा त्यांचा सिद्धांत होता. पुन्हा पुन्हा आलेल्यांची बिलं ते मनापासून दुरुस्त करत. कागदावर चूक राहून गेली की त्यांना जेवण गोड लागत नसे. फक्त ती आपल्याला सापडलेली असावी, दुसऱ्याने दाखवलेली नसावी, एवढाच आग्रह असे.

तर एका रविवारी सेक्रेटरीने जाहीर केलं की पुढच्या शनिवारी चित्रकलेच्या मास्तरांचं प्रकरण आहे. अप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाले, “त्यात मी आहे.”

फौजदारांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

“म्हणजे बेपत्ता झालेले मास्तर मी आहे,” अप्पांनी खुलासा केला, आणि त्याने कुणालाच काही खुलासा झाला नाही म्हणून सगळी हकीकत सांगितली.

हकीकत अशी. एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर एका संध्याकाळी रिकामी किटली घेऊन दूध आणायला निघाले, गल्लीच्या टोकाशी गेले आणि तिथून पुढे ना मास्तर कुणाला दिसले ना किटली. त्यानंतर काही वर्षांनी जुन्या मालिकेवाल्यांनी या प्रसंगाचं चित्रण केलं ते नेमकं अप्पा तेव्हा राहत होते त्या गल्लीत. मास्तरांचं काम करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकाने बघ्यांच्या गर्दीवरून नजर फिरवली आणि अप्पांकडे बोट करून म्हणाला, “हे चालतील. यांचा चेहरा लक्षात राहत नाही.” यातलं पहिलं वाक्य अप्पांनी जन्मभर जपून ठेवलं. दुसरं ते कुणाला सांगत नसत. ते काम काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अंगावर घेतलं होतं.

काम सोपं होतं. किटली धरायची, गल्लीतून सरळ चालत जायचं, टोकाशी दिसेनासं व्हायचं. मागे बघायचं नाही, असं दिग्दर्शकाने बजावून सांगितलं होतं. मास्तर घड्याळ वापरत नसत, म्हणून अप्पांच्या मनगटावरचं घड्याळ काढून एका दाढीवाल्या मदतनिसाने आपल्याकडे ठेवलं. अप्पा चालू लागले. चांगले चालत होते. अगदी टोकाशी पोचल्यावर त्यांच्या मनात आलं, घड्याळ नक्की कुणाकडे दिलं आपण? ते वळले. दाढीवाला जागेवर नव्हता. ते घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं. त्या क्षणी अप्पांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते सगळं कॅमेऱ्याने टिपलं. दिग्दर्शक ओरडायला उठला, मग खाली बसला आणि म्हणाला, “राहू द्या. हे भारी झालंय.”

भाग लागला आणि गाजला. ऑफिसात अप्पांना ‘बेपत्ता’ असं नाव पडलं. साहेब सकाळी आल्या आल्या विचारत, “बेपत्ता जागेवर आहे का?” आणि अप्पांना उभं राहून “आहे, साहेब” असं म्हणावं लागे. घड्याळ मात्र सापडलं नाही. त्या प्रकरणावर कुणी मालिका काढली नाही. त्याचा तपास फक्त घरात चालू राहिला.

ही हकीकत ऐकून सगळ्यांनी ठरवलं की तो भाग हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर एकत्र बघायचा. अप्पा शनिवारी केस कापून आले. इस्त्रीचा शर्ट घातला. काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही टीव्हीत आहात, टीव्ही तुम्हाला बघणार नाहीये.” तरी त्यांनीही चांगली साडी काढली.

भाग सुरू झाला. गल्लीतून किटली घेऊन एक उंच, रुंद खांद्यांचा, दाट केसांचा देखणा तरुण चालत आला.

“अप्पा, तेव्हा तुम्ही बरेच उंच होता,” सेक्रेटरी म्हणाला.

“हा मी नाही,” अप्पा म्हणाले. नव्या मालिकेवाल्यांनी प्रसंग नव्याने चित्रित केला होता, नवा नट घेऊन. जखमेवर मीठ म्हणजे तो नटसुद्धा गल्लीच्या टोकाशी थांबला आणि वळून बघू लागला. जणू मास्तर खरोखरच वळले होते आणि त्याला पोलीस पंचनाम्याचा आधार होता.

मग निवेदक गंभीर आवाजात म्हणाला, “आता पाहू या जुन्या भागातलं ते गाजलेलं दृश्य,” आणि पडद्यावर अप्पा आले. चालण्याचा भाग कापलेला होता. राहिलं होतं फक्त वळणं. तेही संथ गतीने, पुन्हा पुन्हा. बाजूला एक मानसतज्ज्ञ बसले होते. ते म्हणाले, “ही नजर बघा. यात भीती आहे, पश्चात्ताप आहे, आणि आपलं अगदी जवळचं काहीतरी कायमचं सुटतंय याची जाणीव आहे.”

“जाणीव होती ना,” काकू हळूच म्हणाल्या, “माझ्या वडिलांचं घड्याळ होतं ते.”

रविवारची चर्चा इतकी रंगली की चहा दोनदा करावा लागला. फौजदारांचं म्हणणं, मास्तरांच्या मागावर कुणीतरी होतं आणि मास्तरांनी त्याला बघितलं होतं. “ही नजर मी ओळखतो. मागे शिट्टी वाजली की माणूस असाच बघतो.” डॉक्टर म्हणाले, जबडा आवळलेला आहे, माणसाला अक्कलदाढेचा त्रास होता, दुधाचं निमित्त करून तो दवाखान्यात गेला असणार. सेक्रेटरीच्या मते मास्तर कुणालाही न सांगता जागा सोडून जात होते आणि शेवटचं बिल्डिंगकडे बघत होते. गळती सहन झाली नसेल, असंही त्याने जोडलं.

अप्पांना राहवेना. “अहो, मास्तर वळलेच नव्हते. मी वळलो. घड्याळ कुठे आहे ते बघायला.”

सगळ्यांनी एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे.

“अप्पा, राग मानू नका,” डॉक्टर म्हणाले, “पण तो माणूस तुमच्यासारखा दिसत नाही.”

“तेच आहेत हे,” काकू म्हणाल्या. “चेहरा लक्षात राहत नाही म्हणून तर घेतलं होतं.”

“वहिनी, नवऱ्याच्या बाबतीत बायकोची साक्ष जरा बाजूला ठेवावी लागते,” फौजदार म्हणाले. काकूंनी त्यानंतर त्यांना साखर कमी घातलेला चहा दिला.

त्या दिवशी अप्पांना जेवण गेलं नाही. आपल्याला कुणी ओळखलं नाही याचं दुःख होतंच, पण खरी बोच वेगळी होती. एक चूक सगळ्या देशासमोर संथ गतीने फिरत होती, तज्ज्ञ तिच्यावर मतं देत होते, तरुण नट तिची नक्कल करत होते, आणि ती चूक होती हे ठाऊक असलेला एकच माणूस भाताची मूद उकरत बसला होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, त्याला स्वतःची एक चूक दुरुस्त करून घेता येऊ नये, हे त्यांना सहन होईना. मास्तर वळले नाहीत, मी वळलो, एवढं एक वाक्य मालिकेने सांगावं आणि सांगताना आपलं नाव घ्यावं, असं त्यांनी ठरवलं. नाव घ्यावं हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही, पण काकूंना ते कळलं.

सोमवारी अप्पांनी मालिकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्रातली बाई म्हणाली, “आपण बेपत्ता व्यक्तीला पाहिलं असल्यास एक दाबा. गुन्हेगाराविषयी माहिती असल्यास दोन दाबा. आपण स्वतः बेपत्ता असल्यास तीन दाबा.” अप्पांनी सगळी यादी पुन्हा ऐकली. बेपत्ता व्यक्तीचं काम केलेल्यांसाठी काहीच सोय नव्हती. सरकारी नियमात न बसणारं प्रकरण सगळ्यात जवळच्या रकान्यात बसवायची त्यांना सवय होती. त्यांनी तीन दाबलं, प्रकरणाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि “मीच तो” असं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगखाली गाडी उभी राहिली. कॅमेरा घेतलेला एक माणूस, माईक घेतलेला दुसरा आणि त्यांच्या मागून जिना चढणारा सेक्रेटरी असे तिघे दारात आले. माईकवाल्याने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि भरल्या आवाजात विचारलं, “मास्तर, इतकी वर्षं कुठे होता?”

“इथेच,” अप्पा म्हणाले. “आधी दुसऱ्या मजल्यावर होतो, मग लिफ्ट झाल्यावर चौथा घेतला.”

गैरसमज निस्तरायला सगळी सकाळ गेली. गंमत अशी की ज्या मंडळींना अप्पा मास्तरांचं सोंग घेतलेला माणूस आहेत हे काही केल्या पटत नव्हतं, त्यांना ते खरेच बेपत्ता मास्तर आहेत हे चटकन पटलं. फौजदार वर आले आणि दाराला टेकून म्हणाले, “मला पहिल्यापासून शंका होती. यांची जुनी माहिती इथे कुणाला आहे? सारखे मान डोलावतात, बोलत नाहीत. लपून राहणारी माणसं अशीच असतात.” सेक्रेटरीला काळजी पडली की जागा ज्याच्या नावावर आहे तोच माणूस हा आहे ना.

“वहिनी, यांनी कधी चित्रं काढलीत?” माईकवाल्याने विचारलं.

“यांना भाजीची पिशवी सरळ धरता येत नाही,” काकू म्हणाल्या, “चित्रं कसली काढतायत.”

डॉक्टरांनी तोडगा सुचवला. चित्रकलेचा शिक्षक हात लपवू शकत नाही, अप्पांनी समोरच्या चहाच्या किटलीचं चित्र काढून दाखवावं. अप्पांनी जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन किटली काढली. ती सगळ्यांनी आळीपाळीने बघितली. डॉक्टर म्हणाले, बदक आहे. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला. फौजदार तेवढे म्हणाले, “मुद्दाम वाईट काढलीय,” पण त्यांच्याही आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. अप्पांचा स्वभाव असा की चित्र इतकं काही वाईट नाही, हे सांगायची त्यांना फार इच्छा झाली होती. त्यांनी ती कशीबशी दाबली.

“मग तुम्ही आहात कोण?” माईकवाल्याने वैतागून विचारलं.

“वळला तो मी.”

“ते आमच्याकडे नसतं. ऑफिसात या.”

अप्पा ऑफिसात गेले. एका मोठ्या इमारतीत काचेपलीकडे संशोधन विभाग होता आणि तिथे त्यांच्या धाकट्या भाचीच्या वयाची एक अधिकारी बाई बसली होती. खिडकीच्या या बाजूला उभं राहायची अप्पांची पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“काका, इथे त्या नटाचं वेगळंच नाव आहे,” ती म्हणाली.

“तो आलाच नव्हता. म्हणून मला घेतलं.”

“पण नोंद त्याची आहे.”

“नोंद चुकीची आहे, बाई.”

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, “तपासून बघितलं, काका. नोंद बरोबर आहे.”

तिच्या ओठांवर चहाची साय होती. अप्पांना एकदम आपल्या खिडकीशी उभी राहिलेली सगळी माणसं आठवली, हातात घडी घातलेली बिलं धरलेली. त्यांना त्या माणसांविषयी पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं. पण सिद्धांत तो सिद्धांत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही गेले. शेवटी बाईने लेखणी खाली ठेवली.

“बरं काका, चालून दाखवा. वळा. मी बघते.”

अप्पा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले आणि वळले. आजूबाजूच्या टेबलांवरची मंडळी जमली. बाईने संगणकावर जुनं दृश्य लावलं, अप्पांकडे बघितलं, पुन्हा संगणकाकडे बघितलं. “अजून एकदा. जरा सावकाश. भीती दाखवा. पश्चात्ताप येऊ द्या.” अप्पांनी येईल तेवढा पश्चात्ताप आणला. पाण्याचा माणूस जार घेऊन मधून गेला, त्याच्यासाठी थांबून पुन्हा वळले. मान दुखायला लागली.

“नाही हो, काका,” बाई खरोखर वाईट वाटून म्हणाली. “दिसायला असाल तुम्ही. पण त्या माणसाच्या नजरेत काहीतरी होतं.”

अप्पा खुर्चीत बसून राहिले. त्यांची ती अवस्था बघून बाईला दया आली असावी. ती म्हणाली, प्रसंगाच्या तपशिलात बदल करायचा तर मास्तरांच्या घरच्यांची संमती लागते, ती आणली तर वरिष्ठांशी बोलून बघता येईल. तिने समोरच फोन लावला, थोडं बोलली, मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, “मास्तरांच्या मिसेस आहेत. विचारतायत, तुम्ही तेच का वळणारे? या म्हणतायत.”

इतक्या दिवसांत अप्पांना ओळखणारं हे पहिलं माणूस.

मास्तरांचं घर एका लांब, अरुंद गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. खिडकी रस्त्याकडे. दार उघडलेल्या बाई काकूंपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, पण ताठ होत्या. त्यांनी अप्पांना वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं, बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, “तुम्ही किटली डाव्या हातात धरली होती. ते उजव्या हातात धरायचे.”

“मला कुणी सांगितलं नाही,” अप्पा म्हणाले.

“कोण सांगणार? मला कुणी विचारलं नाही. बाकी चालणं बरं होतं तुमचं.”

भिंतीवर मास्तरांनी काढलेली चित्रं होती. एकात नुसती किटली होती. ती हुबेहूब किटलीसारखी दिसत होती. अप्पांनी नजर वळवली आणि आपलं काम काढलं. पाठ केलेलं होतं तसं सांगितलं, की वळण्याचा प्रसंग खोटा आहे, तो आपल्या हातून घडला, त्यावरून लोक नाही नाही ते तर्क करतात, तपासाची दिशा चुकू शकते, तरी दुरुस्तीसाठी आपली संमती असावी.

“तपासाचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पोलिसांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय, न वळता गेले म्हणून. त्यांच्या कागदात तसंच आहे. टीव्हीत काय दाखवतात त्याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी खिडकीत उभी होते. रोजच असायची. रोज वळायचे ते, त्या टोकाशी. त्या दिवशी सकाळपासून आमचं बोलणं नव्हतं. म्हटलं, वळले की हात करीन, म्हणजे मिटेल. नाही वळले.”

बिल दुरुस्तीच्या खिडकीत अप्पांशी असं कुणी बोललं नव्हतं.

“मग तुमचा तो कार्यक्रम लागला. त्यात वळले. पहिल्यांदा मला इतका राग आला की मी टीव्ही बंद केला. माझ्याच माणसाची काहीतरी खोटी गोष्ट सांगतायत. पण पुढे पुन्हा दाखवला तेव्हा बघितला. मग दाखवतील तेव्हा बघत गेले. आता काय झालंय, आठवायला गेले ना, की ते वळलेलेच आठवतात. खरं काय ते मला माहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे माझं. पण दिसतं ते हे दिसतं.” त्यांनी पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. “तेवढं राहू द्या ना. कुणाचं काय जातंय.”

अप्पा म्हणाले, “राहू द्या.” ते त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

दारापर्यंत पोचवायला आल्यावर बाईंनी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो वळायला?”

घड्याळ अप्पांच्या अगदी जिभेवर आलं होतं. “नाही,” ते म्हणाले. “आपोआप वळलो.”

“हं,” बाई म्हणाल्या. “आपोआपच वळतो माणूस.”

गल्लीतून परतताना अप्पांना सारखं वाटत होतं की खिडकीतून कुणीतरी बघतंय. वळावं की न वळावं? वळलो तर नाटकी वाटेल, न वळलो तर फारच वाईट दिसेल. टोक येईपर्यंत निर्णय झाला नाही. शेवटी वळले. खिडकीत कुणी नव्हतं. बरंच झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. घरी येऊन त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं की काम झालं. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही, हे नेहमीपेक्षा वेगळं होतं.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पा टीव्हीवाल्यांकडे जाऊन आले ही बातमी सगळीकडे झाली होती. सेक्रेटरीने अप्पांना पुढे बसवलं आणि म्हणाला, “सांगा अप्पा, झाली का चूक दुरुस्त?”

अप्पा उभे राहिले. चष्मा घातला, काढला.

“तपासून बघितलं,” ते म्हणाले. “नोंद बरोबर आहे. मास्तर वळले होते.”

फौजदारांनी विजयी मुद्रेने सगळीकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, “आणि तुम्ही? तुम्ही म्हणत होता की मीच तो.”

“दुसरा कुणी असेल. माझा चेहरा काय, कुणासारखाही दिसतो.”

“पण मग वळले का?” सेक्रेटरीने विचारलं. “काही कारण कळलं?”

“त्यांची बायको खिडकीत उभी होती,” अप्पा म्हणाले. “रोज उभी असायची. म्हणून वळले.”

कारण इतकं साधं निघालं की हॉलमधले लोक जरा हिरमुसले. मग डॉक्टरांना आठवलं. ते काकूंकडे वळून म्हणाले, “आणि वहिनी, तुमचं ते घड्याळ?”

सगळा हॉल काकूंकडे बघू लागला. काकूंनी तोंड उघडलं. आता घड्याळ येणार, त्याच्या पाठोपाठ सासरे येणार आणि दाढीवाला येणार, हे अप्पांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

“कसलं घड्याळ?” काकू म्हणाल्या. “चहा निवतोय, घ्या आधी.”

सेक्रेटरीने संधी साधून गळतीचा विषय काढला आणि हॉल रिकामा झाला. लिफ्ट बंद होती. जिन्यात अप्पा पुढे होते, कपबशांचा ट्रे घेऊन काकू मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी अप्पा थांबले आणि त्यांनी मागे बघितलं.

“बघताय काय,” काकू म्हणाल्या, “आहे मी मागे. चला.”